जुन्या वाळूचा प्रश्न आणि सरकारी संशोधन निधी : शिरोलीतील एका फौंड्रीचे प्रकरण

फौंड्रीत लोखंडापेक्षा वाळू कितीतरी जास्त वजनाने हलवावी लागते, हे व्यवसायाबाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. एक किलो ओतकामामागे साच्याची साधारण चार ते आठ किलो वाळू फिरते. बेंटोनाइट नावाची चिकट माती, कोळशाची पूड आणि पाणी घालून ही वाळू पुन्हा पुन्हा वापरता येते, परंतु कास्टिंगमधली, म्हणजे ओतून तयार होणाऱ्या भागातली, पोकळी घडवणाऱ्या कोअरसाठी मात्र स्वच्छ, नवी सिलिका वाळूच घ्यावी लागते. नॉकआउटनंतर, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर काढल्यावर, ही कोअरची वाळूही साच्याच्या वाळूत मिसळते. त्यामुळे जेवढी नवी वाळू कोअरच्या रूपाने आत येते, जवळजवळ तेवढीच वापरून काळी पडलेली वाळू कारखान्याबाहेर टाकणे भाग पडते. कोल्हापूरच्या फौंड्र्यांना नवी वाळू मुख्यतः सिंधुदुर्गातील कासार्डे-फोंडा पट्ट्यातून मिळते. पावसाळ्यात घाटरस्ता अडला की गाड्या थांबतात, भाव चढतो आणि आलेली वाळू ओली असते. पूर्वी काळी वाळू खड्डे आणि सखल जमिनी भरायला कोणीही नेत असे; आता प्रदूषण नियंत्रणाच्या अटी कडक झाल्यामुळे ती नेण्यासाठीही पैसे मोजावे लागतात. म्हणजे फौंड्रीमालक वाळू आणण्याचा खर्च करतो आणि तीच वाळू घालवण्याचाही करतो.

या दुहेरी खर्चातून सुटण्यासाठी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीने सरकारी संशोधन निधीसाठी केलेला प्रयत्न हा या लेखाचा विषय आहे. या प्रकरणाची कागदपत्रे मी पाहिली आहेत आणि संबंधितांशी सविस्तर बोललो आहे. त्यांच्या इच्छेनुसार कारखान्याचे, सहभागी महाविद्यालयाचे आणि निधी देणाऱ्या विभागाचे नाव येथे दिलेले नाही, व ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

कारखाना दुसऱ्या पिढीकडे आहे. वडिलांनी शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांचे ओतकाम सुरू केले. मुलाने ते शिरोलीत नेऊन पंप आणि ट्रॅक्टरच्या ग्रे आयर्न (करड्या बिडाच्या) कास्टिंगपर्यंत वाढवले. इंडक्शन भट्टी, साधी मोल्डिंग यंत्रे आणि वाळूत राळ मिसळून अमाइन वायूने कडक होणारी कोल्ड-बॉक्स कोअर अशी तिथली व्यवस्था आहे. प्रयोगशाळा म्हणजे एका खोलीतील वाळू तपासणीची उपकरणे आणि एक कार्बन-सिलिकॉन मोजणारे यंत्र. संशोधन विभाग अर्थातच नव्हता. आपल्याकडच्या बहुसंख्य लघुउद्योगांची स्थिती हीच आहे आणि संशोधन निधीच्या योजनांचे मूल्यमापन करताना ती गृहीत धरली पाहिजे, असे मला वाटते.

वापरलेली वाळू भाजून पुन्हा नव्यासारखी करण्याचे तंत्र जगाला नवे नाही. वाळू सुमारे 700 अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यावरची राळ आणि कोळसा जळून जातो. मोठ्या फौंड्र्यांमध्ये अशी यंत्रे अनेक वर्षे चालू आहेत. परंतु ती दिवसाला कित्येक टन वाळूसाठी बनवलेली असतात, त्यांची किंमत लहान फौंड्रीच्या आवाक्याबाहेर असते आणि इंधनाचा हिशेब तर त्याहून अवघड असतो. एक टन वाळू खोलीच्या तापमानापासून 700 अंशांपर्यंत नेण्यासाठी, काहीही उष्णता वाया गेली नाही असे मानले तरी, सुमारे 700 मेगाज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे विजेच्या जवळजवळ 200 युनिट किंवा साधारण 15 किलो एलपीजी. प्रत्यक्षात भट्टीच्या भिंतीतून आणि धुरातून उष्णता जात असल्यामुळे खर्च याच्या दीडपट-दुप्पट सहज होतो. बाहेर पडणाऱ्या गरम वाळूची उष्णता आत येणाऱ्या हवेला देता आली, तरच हे गणित लहान कारखान्याला परवडते.

मालकांनी पहिला प्रस्ताव पाठवला तो असे यंत्र उभारण्यासाठी. त्यात यंत्राचे तीन पुरवठादारांकडचे दर, शेडचा नकाशा, बचतीचा तक्ता आणि परतफेडीचा काळ हे सारे नीटनेटके मांडलेले होते. बँकेकडे कर्ज मागताना असा प्रस्ताव उत्तम ठरला असता. तज्ज्ञ समितीने मात्र एकच प्रश्न विचारला : यात नवीन काय शोधायचे आहे? त्याचे उत्तर प्रस्तावात नव्हते, म्हणून तो नामंजूर झाला.

मालकांना हा निकाल अन्यायकारक वाटला, आणि त्यांची भावना समजण्यासारखी आहे. लघुउद्योगांना इतकी वर्षे ज्या सरकारी मदतीची सवय होती ती यंत्रखरेदीवरच्या अनुदानाची होती. तंत्रज्ञान सुधारणेसाठीच्या जुन्या भांडवली अनुदान योजनेत 1 कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर 15 टक्के अनुदान मिळत असे. तिथे यंत्र मान्यताप्राप्त यादीत असणे महत्त्वाचे होते. संशोधन निधीचे तत्त्व नेमके उलटे आहे. यंत्र बाजारात तयार मिळत असेल तर ते विकत घेण्यासाठी संशोधनाचा पैसा मिळत नाही. ज्याचे उत्तर अजून कोणाकडे नाही त्यासाठीच तो मिळतो. हा फरक योजनेच्या माहितीपत्रकात लिहिलेला असतो, पण तो कोणी समोर बसून समजावून सांगत नाही. पहिल्याच प्रयत्नात बाद होणाऱ्या लघुउद्योगांच्या प्रस्तावांमध्ये मला हाच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसला आहे.

दुसरा प्रस्ताव तयार करताना स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील धातुशास्त्राच्या एका प्राध्यापिका सोबत आल्या. त्यांनी मालकांना विचारले, “साहेब, यंत्र उद्या फुकट मिळालं, तर पहिल्या दिवशी तुम्हाला कोणती अडचण येईल?” उत्तर मालकांच्या आधी कोअर शॉपच्या मिस्त्रींनी दिले : “म्याडम, भाजून आलेल्या वाळूचा कोअर बसत न्हाई. हातात घिटला की कडा ढासळत्यात. आमी डब्यात भाजून बघितलंय की.” त्यांनी खरोखरच कधीतरी एका लोखंडी डब्यात काळी वाळू भाजून, तिचे कोअर पाडून पाहिले होते. त्याची नोंद कुठेही नव्हती. मालकांनाही ते त्या दिवशीच कळले.

या उत्तरातून संशोधनाचा प्रश्न तयार झाला, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील ही सर्वांत महत्त्वाची घटना आहे. साच्याच्या वाळूतील राळ आणि कोळसा जळतो, पण बेंटोनाइट जळत नाही. ते तापल्यावर त्याच्या रचनेतील पाणी निघून जाते, त्याची चिकटण्याची शक्ती नष्ट होते आणि हा मृत मातीचा थर वाळूच्या कणाला पक्का धरून बसतो. शिवाय सोडियमयुक्त बेंटोनाइटमुळे वाळू अल्कधर्मी होते. कोल्ड-बॉक्सच्या राळेला या दोन्ही गोष्टी बाधक असतात : मातीचा थर राळ शोषून घेतो आणि अल्कधर्मीपणामुळे मिश्रण वेळेआधीच आवळू लागते. म्हणून वाळू घासून तो थर काढावा लागतो. आधी घासून मग भाजावी, की आधी भाजून थर ठिसूळ झाल्यावर घासावी, आणि लहान यंत्रात कमीत कमी इंधनात हे करून ती वाळू कोअरमध्ये किती प्रमाणात चालेल, हा प्रश्न घेऊन दुसरा प्रस्ताव गेला. यंत्राचा उल्लेख त्यात होता, पण प्रयोगाचे साधन म्हणून. ताशी काही क्विंटल वाळू हाताळणारे, कारखान्यातच बांधायचे प्रायोगिक यंत्र. हा प्रस्ताव मंजूर झाला.

मंजुरीपत्रातील अटींकडे आता वळतो, कारण पुढचे बरेचसे घडले ते त्यांच्यामुळे. प्रकल्पखर्चाचा एक हिस्सा कारखान्याने स्वतः घालायचा होता. निधी हप्त्यांनी येणार होता व प्रत्येक हप्ता ठरलेला टप्पा पूर्ण झाल्याचा अहवाल आणि पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचे, सनदी लेखापालाने प्रमाणित केलेले उपयोगिता प्रमाणपत्र गेल्यावरच सुटणार होता. प्रकल्पाचे बँक खाते स्वतंत्र ठेवायचे होते. अनुदानाच्या रकमेवर मिळालेले व्याजही सरकारी तिजोरीत जमा करावे लागते. 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत तशी स्पष्ट तरतूद आहे. कारखान्याच्या लेखनिकाला हे सारे नवीन होते. विजेचे मीटर एकच, भट्टीची वीज आणि प्रयोगाची वीज वेगळी कशी दाखवायची, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात उभा राहिला. प्रायोगिक यंत्राला वेगळा उपमीटर बसवून तो सोडवला गेला. हिशेबासाठी बसवलेला हाच उपमीटर पुढे इंधनखर्चाच्या मोजणीत प्रयोगाचा आधार ठरला.

प्रयोगांचा पहिला टप्पा आधी भाजणे, मग घासणे या क्रमाचा होता. भाजलेल्या वाळूचे ज्वलनक्षय परीक्षण, म्हणजे नमुना उच्च तापमानाला पुन्हा तापवून वजनात किती घट होते हे पाहणे, उत्तम आले. याचा अर्थ राळ आणि कोळसा जवळजवळ पूर्ण जळाला होता. सर्वांना आनंद झाला. पण कोअर कच्चे निघाले. प्राध्यापिकांनी मातीचे प्रमाण काढायला सांगितले. ही तपासणी कंटाळवाणी असते : 50 ग्रॅम वाळू घ्यायची, सौम्य अल्कलीच्या द्रावणात ढवळायची, कण खाली बसू द्यायचे, वरचे गढूळ पाणी नळीने काढायचे, पुन्हा पाणी भरायचे, आणि वरचे पाणी स्वच्छ होईपर्यंत हे चालू ठेवून शेवटी वाळू वाळवून तोलायची. या तपासणीतही मातीचे प्रमाण कमीच दिसले. तरी कोअर कच्चे का, याचा उलगडा सूक्ष्मदर्शकाखाली झाला. माती सुटी नव्हती, म्हणून ढवळून निघत नव्हती. ती भाजली जाऊन कणांवर चिकटली होती. थर ठिसूळ होईल असा जो अंदाज होता तो काही भागापुरताच खरा ठरला होता.

मग क्रम बदलला. वाळू आधी कोरडी करून घासली, निघालेली बारीक भुकटी हवेने वेगळी काढली, नंतर भाजली आणि थंड होताना पुन्हा हलकी घासली. कोअरची ताकद वाढली. भुकटीतील काही बेंटोनाइट अजून जिवंत होते आणि साच्याच्या वाळूत परत घालता येत होते, हा लाभ तर कोणाच्या मनातही नव्हता.

जून लागला आणि आकडे पुन्हा बिघडले. एके दिवशी चांगले येणारे कोअर दुसऱ्या दिवशी, त्याच वाळूचे, त्याच राळेचे, हातात ढासळत. वाळूचा दोष धरून यंत्राचे तापमान वाढवण्याचा विचार सुरू झाला. तसे केले असते तर इंधनाचा सारा हिशेब कोलमडला असता. परंतु या वेळेपर्यंत प्रत्येक घाणीची, म्हणजे एका वेळी तयार केलेल्या वाळूची, नोंद ठेवण्याची शिस्त लागली होती. नोंदवहीत तारीख, घाणीचा क्रमांक, वाळूचे तापमान, राळेचे प्रमाण, ताकद असे रकाने होते, आणि प्राध्यापिकांच्या आग्रहाने हवेतील आर्द्रतेचाही एक रकाना होता, जो भरायचा मिस्त्रींना सर्वांत मोठा त्रास वाटे. त्या रकान्याशेजारी ताकदीचे आकडे ठेवल्यावर कारण उघड झाले. कोल्ड-बॉक्स राळेचा एक घटक पाण्याशी चटकन प्रक्रिया करतो. दमट हवेत थंड होत पडलेली वाळू ओलावा धरत होती. नव्या वाळूच्या कोअरवरही पावसाळ्यात तोच परिणाम होत होता, फक्त तो आजवर कोणी मोजलेला नव्हता. वाळू गरम असतानाच झाकलेल्या हॉपरमध्ये भरण्याची साधी व्यवस्था केली आणि फरक दिसला. पुढे मिस्त्री स्वतःच नव्या पोरांना ओरडू लागले, “हवेचा आकडा लिहिल्याबिगर मिक्सर चालू करायचा न्हाई.”

तांत्रिक काम असे मार्गी लागत असताना पैशाचे गाडे अडले. पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेले, पण त्यातील खर्चाची शीर्षके मंजुरीपत्रातील शीर्षकांशी तंतोतंत जुळत नव्हती. प्रमाणपत्र परत आले, दुरुस्त होऊन गेले, आणि मधल्या काळात आर्थिक वर्ष बदलले. दुसरा हप्ता कित्येक महिने लांबला. लघुउद्योगाला ही दिरंगाई मोठ्या संस्थेपेक्षा किती वेगळ्या तऱ्हेने लागते, हे समजून घेतले पाहिजे. महाविद्यालयाचा प्रकल्प थांबला तर उपकरणे झाकून ठेवता येतात. फौंड्रीत मात्र त्याच खेळत्या भांडवलातून भंगार, वीजबिल आणि पगार द्यायचा असतो. त्यातच ज्या मोठ्या कारखान्यांना कास्टिंग जातात त्यांची देयके उशिरा येतात. सूक्ष्म व लघुउद्योगांची देयके जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावीत असे 2006 चा कायदा सांगतो, आणि आयकर कायद्यातील नव्या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्च म्हणून दाखवता येते. तरीही मोठे गिऱ्हाईक दुखावण्याची भीती असल्यामुळे बहुतेक मालक तक्रार करत नाहीत. या मालकांनी स्वतःच्या ओव्हरड्राफ्टमधून प्रयोग चालू ठेवले. ते त्यांना शक्य झाले. ज्याला शक्य नसेल त्याचे संशोधन दोन हप्त्यांच्या मधल्या खिंडीत संपते, आणि त्याची नोंद ‘लाभार्थीने प्रकल्प अपूर्ण सोडला’ अशी होते. ही नोंद अन्यायाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बौद्धिक संपदेचा मुद्दा थोडक्यात सांगतो. निकाल चांगले येऊ लागल्यावर मालकांना ते शेजारच्या फौंड्रीवाल्यांना दाखवायचे होते. कोल्हापुरात उद्योग वाढला तोच एकमेकांच्या शेडमध्ये जाऊन बघत शिकण्याच्या रीतीने. प्राध्यापिकांनी त्यांना थांबवले, कारण अर्ज करण्याआधी तंत्र जाहीर झाले तर पेटंटचा हक्क धोक्यात येतो. प्राथमिक विवरणासह अर्ज आधी दाखल केला. संपूर्ण विवरणासाठी त्यानंतर 12 महिने मिळतात. महाविद्यालयाचा वाटा किती, हा करार मात्र त्या घाईत करावा लागला. सार्वजनिक निधीतून झालेल्या संशोधनावरील हक्कांसाठी अमेरिकेत 1980 पासून कायदा आहे आणि त्यानुसार लघुउद्योगाला स्वतःकडे हक्क ठेवता येतो. आपल्याकडे 2008 मध्ये असे विधेयक संसदेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे प्रत्येक योजनेच्या करारात काय लिहिले आहे ते पहिल्या दिवशीच वाचावे लागते.

अंतिम निकाल असा होता. प्रस्तावात नवी वाळू पूर्णपणे टाळण्याचे उद्दिष्ट लिहिले होते. ते साध्य झाले नाही. जाड, साध्या कोअरमध्ये निम्म्यापर्यंत पुनर्वापराची वाळू निर्धोक चालली. पातळ, गुंतागुंतीच्या कोअरमध्ये मात्र ती घातल्यावर वायूची छिद्रे पडून रिजेक्शन वाढले, म्हणून तिथे नवीच वाळू ठेवावी लागली. इंधनाचा खर्च अपेक्षेपेक्षा जास्त आला, तरी नव्या वाळूचा भाव आणि काळी वाळू घालवण्याचा खर्च मिळून जी रक्कम होते तिच्यापेक्षा तो कमी राहिला. अंतिम सादरीकरणात ‘उद्दिष्ट अंशतः साध्य’ असा शेरा मिळाला. मालकांना तो लागला. परंतु समितीतील एका सदस्यांनी आर्द्रतेच्या नोंदींची प्रत मागून घेतली आणि अशी माहिती भारतीय हवामानात मोजलेली क्वचितच मिळते, असे सांगितले. कोणत्या कोअरमध्ये वाळू चालत नाही हे कारणासह दाखवणे हेही संशोधनाचे फळ आहे, आणि मूल्यमापनाच्या नमुन्यात त्यासाठी वेगळा रकाना असायला हवा. तो नसेल तर पुढचा अर्जदार सहज गाठता येईल एवढेच उद्दिष्ट लिहील, आणि ज्या धोक्यासाठी सार्वजनिक पैसा द्यायचा तो धोकाच कोणी पत्करणार नाही.

प्रश्न उरला तो पुढच्या टप्प्याचा. अमेरिकेने 1982 च्या कायद्याने लघुउद्योगांच्या संशोधनाची जी योजना सुरू केली, तिचे तीन टप्पे आहेत : कल्पना चालेल का हे तपासण्याचा पहिला, विकासाचा दुसरा आणि बाजारात जाण्याचा तिसरा. तिसऱ्या टप्प्याला योजनेचा पैसा मिळत नाही, पण ज्या विभागाने संशोधन करवून घेतले तोच अनेकदा ती वस्तू विकत घेतो. आपल्याकडे संरक्षण क्षेत्रात 2018 मध्ये सुरू झालेल्या आयडेक्स उपक्रमाची बांधणी याच दिशेची आहे. तिथे अडचण सैन्यदल मांडते आणि संभाव्य ग्राहकही तेच असते. वाळू भाजण्याच्या यंत्राला असा सरकारी ग्राहक नाही. त्याचे ग्राहक शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले वसाहतींतील फौंड्र्या, आणि त्यातील प्रत्येकजण म्हणतो की आधी दुसऱ्याकडे दोन वर्षे चालू दे, मग बघू. 1996 पासून कार्यरत असलेले तंत्रज्ञान विकास मंडळ व्यावसायिक उत्पादनासाठी प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत सवलतीचे कर्ज देते, पण कर्ज फेडायला ऑर्डर हाती हवी. केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये मंजूर केलेला 1 लाख कोटी रुपयांचा संशोधन, विकास व नवोपक्रम निधीही अनुदान देत नाही, दीर्घ मुदतीचे कर्ज किंवा भागभांडवल देतो. साठेक कामगारांच्या फौंड्रीला यातले काय पेलेल, याचा विचार मालकांनी बराच केला.

त्यांनी यंत्र विकण्याचा बेत सध्या बाजूला ठेवला आहे. त्याऐवजी शेजारच्या चार फौंड्र्यांची काळी वाळू ठरलेल्या दराने घेऊन, घासून, भाजून, तपासणी अहवालासह परत द्यायची, अशी सेवा सुरू केली आहे. यंत्र लहान असल्यामुळे ते आता दोन पाळ्यांत चालते. प्रत्येक कारखान्याची वाळू वेगळी, तिच्यातले बेंटोनाइट वेगळे, म्हणून घाणीचे तपशील दर वेळी नव्याने ठरवावे लागतात आणि नोंदवहीत आता कारखान्याच्या नावाचाही एक रकाना वाढला आहे. महाविद्यालयाचे दोन विद्यार्थी या नोंदींवर प्रकल्प करत आहेत. समूह विकासाच्या योजनेतून सामायिक सुविधा केंद्रासाठी अर्ज करायचा की नाही, याबद्दल पाचही मालकांच्या बैठका चालू आहेत. जागेवर एकमत झाले आहे, हिश्श्यावर अजून झालेले नाही.